पेल्यातली कण्हेर

“घरात कण्हेर आहे का?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणि ती म्हणाली, “नाही.”

इतक्या चटकन म्हणाली की तिचं तिलाच नवल वाटलं. पत्र्याच्या उंच टेबलावर त्यांचा कुत्रा, कारकून, आडवा पडला होता. त्याच्या तोंडातून लाळेची बारीक तार टेबलाच्या कडेपर्यंत आली होती आणि तिथे येऊन, आता खाली पडू की नको, अशी लोंबत राहिली होती. नवरा त्याच्या कानामागे हात ठेवून उभा होता. त्या ‘नाही’वर त्याने मानसुद्धा वर केली नाही. त्याच्या लेखी जगात झाडं दोनच, एक गुलाब आणि दुसरी बाकीची. मागच्या आवारातल्या, भिंतीशी वाढलेल्या त्या झाडाला तो ‘तुझी ती गुलाबी’ म्हणायचा. झाड लावून एवढा काळ लोटला तरी त्याचं नाव काय, हे त्याने कधी विचारलं नव्हतं आणि तिनेही सांगितलं नव्हतं. नाव सांगितलं नाही म्हणजे ते झाड थोडं जास्त आपलं राहतं, असं तिला वाटायचं. आता ते न सांगितलेलं नाव तिच्या आणि त्याच्या मधोमध, त्या पत्र्यावर, कुत्र्याच्या पोटासारखं धापा टाकत पडलं होतं.

“नक्की ना? नीट आठवा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नळी कानातून काढून त्यांनी गळ्यात टाकली. “ठोके मला आवडत नाहीयेत. मध्येच चुकतात. शिळंपाकं खाल्लं असेल तर मी करतेय ते पुरेल. पण कण्हेर असेल तर ती हृदयावर जाते, मग सगळंच वेगळं करावं लागतं. बिचाऱ्याला नको असताना ते औषधही देता येत नाही. आत्ता सलाईन लावून ठेवते. काही आठवलं तर लगेच फोन करा. संध्याकाळी भेटायला याल तेव्हा सांगू, असं नको.”

“हो,” ती म्हणाली. हे ‘हो’सुद्धा तसंच, चटकन. दार ओढून घेताना तिने मागे पाहिलं. कारकून तिच्याकडे बघत होता. फाटकाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे तो नेहमी ‘तुमचे कागद अपुरे आहेत’ अशा नजरेने बघायचा, म्हणून सासऱ्यांनी त्याचं नाव कारकून ठेवलं होतं. आज मात्र त्याच्या नजरेत कुणाचे कागद तपासण्याची इच्छा उरलेली नव्हती. हे तिला सगळ्यात वाईट वाटलं. त्याने संशय तरी घ्यायला हवा होता.

नवरा गाडी चालवत होता. सिग्नलला थांबला की स्टिअरिंगवर बोटं वाजवायचा आणि लाल दिव्याकडे असं बघायचा की जणू दिव्यालाच काहीतरी ठाऊक आहे. तिने खिडकीची काच खाली केली, परत वर केली. बाळ होण्याआधी ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. काळोख्या खोलीत माणसाच्या नाकावर ती जड चौकट बसवायची, एकामागून एक भिंगं सरकवायची आणि विचारायची, आता स्पष्ट, की आधी? आता, की आधी? माणसं हमखास गोंधळायची. काही तर तिलाच खूश करायला ‘आता’ म्हणायची. कुणाला खरं दिसतंय आणि कोण उगाच हो म्हणतंय, हे तिला आवाजावरून कळायचं. खरं दिसणारा माणूस थोडा थांबतो. ती थांबली नव्हती. डॉक्टरीणबाईंना हे कळलं असेल का? ‘नक्की ना?’ असं उगाच नाही कुणी परत विचारत. आत्ता, ह्याच क्षणी, नवऱ्याला म्हणायला हवं होतं, अरे, गाडी वळव. तोंड उघडलंही होतं तिने. तेवढ्यात तो म्हणाला, “बाबांना काय सांगायचं गं? त्यांचा जीव आहे त्याच्यात.” तिने उघडलेलं तोंड मिटलं.

आईच्या घराला कण्हेरीचं कुंपण होतं. भिंत बांधायला जमलं नाही म्हणून आईने फांद्या रोवल्या आणि त्या बघता बघता माणसाहून उंच झाल्या. गुलाबी, दुहेरी पाकळ्यांची फुलं, तुरट-गोड वासाची. शाळेतून आली की ती त्या हिरव्या बोळकांडीतून अंग चोरून आत शिरायची आणि आई आतूनच ओरडायची, हात धू. फूल तोडलं, हात धू. पान मोडलं, चीक लागला, हात धू. तोंडात घालायचं नाही हं काही. आईच्या तोंडी ही वाक्यं इतकी मुरलेली होती की त्यांचा अर्थ निघून गेला होता आणि नुसती माया उरली होती. विस्तव भाजतो, विहीर खोल असते, तसं कण्हेर विषारी असते हे तिला कायम ठाऊक होतं. म्हणजे इतकं ठाऊक होतं की आठवायची वेळच आली नव्हती. आई गेल्यावर घर विकलं, आणि विकत घेणाऱ्याने पहिलं काम काय केलं, तर कुंपण तोडलं. ती शेवटचं कुलूप लावायला गेली तेव्हा फांद्यांचा ढीग पडला होता. त्यातल्या चार काटक्या ओल्या फडक्यात गुंडाळून तिने मांडीवर धरून आणल्या. तेव्हा तिला नुकते दिवस गेले होते, आणि रस्ताभर तिला वाटत होतं, पोटात एक आणि मांडीवर एक, अशी दोन मुलं घेऊन आपण चाललोय.

“माहेरून काय आणलंस, काटक्या?” सासूबाई दारातच हसल्या होत्या. हसण्यात वाईट काही नव्हतं, त्यांचं बोलणंच तसं. पण सासरे हसले नाहीत. बादलीतल्या त्या काटक्या त्यांनी एकेक उचलून पाहिल्या, पानं उलटी करून पाहिली आणि बराच वेळाने म्हणाले, “लाव. पण तिकडे लाव, कोपऱ्यात. भिंतीला धरून.” कोपऱ्यात. हा शब्द तिने गिळला आणि तो आजतागायत खाली उतरला नव्हता. आवारात एवढी जागा पडली होती. नळापाशी होती, पायरीशी होती, जिथे कारकून अंग पसरून झोपायचा तिथेही होती. कुत्र्याला मधोमध आणि माझ्या आईला कोपरा. आणि पुढे झाड वाढलं, फुलायला लागलं, तर सासऱ्यांचं नवीनच सुरू झालं. सकाळी घर उठायच्या आत ते केरसुणी घेऊन त्या कोपऱ्यात जायचे आणि गळलेलं पान न पान, फूल न फूल गोळा करून पिशवीत भरून गाठ मारायचे. गाठ अशी घट्ट की जसं काही त्यात साप भरलाय. ती आत बाळाला पाजत बसलेली असायची आणि खिडकीतून ते बघायची. बाकीच्या आवारात कितीही पाचोळा पडो, त्याला हात लावायचे नाहीत. कचरा व्हायचा तो फक्त तिच्या झाडाचा.

घरी आल्या आल्या सासूबाईंनी बाळ तिच्या कडेवर दिलं आणि चौकशी मांडली. “काय म्हणाली ती?”

“काहीतरी खाल्लंय म्हणे पोटात जाऊ नये असं,” नवरा म्हणाला.

“मी म्हटलं नव्हतं? तो वरच्या खोलीतला शिंपी. खिडकीतून काहीबाही फेकत असतो मेला.”

“आई, तो आठवडाभर इथे नाहीये.”

“मग जाताना फेकून गेला असेल.”

सासरे कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. त्यांनी फक्त विचारलं, “पाणी पितोय का तो?”

“सलाईन लावलंय बाबा.”

“ते नव्हे. तोंडाने पितोय का?”

सगळी नोकरी त्यांची पाण्यात गेली होती. शहराला पाणी पुरवणाऱ्या शुद्धीकरणाच्या कारखान्यात ते होते आणि निवृत्तीच्या समारंभात म्हणाले होते म्हणे, की मी अख्ख्या शहराला पाणी पाजलंय, बायकोला सोडून. ही गोष्ट सासूबाईच सांगायच्या, आणि शेवटी ‘खोटं नाही ते’ असं जोडायच्या. त्या घरात पाणी फेकणं म्हणजे मोठा गुन्हा. भांड्यांचं खरकटं पाणी कुंड्यांना. पण पेल्यांत उरलेलं, तांब्यात राहिलेलं, बाळाने दोन घोट पिऊन नाकारलेलं स्वच्छ पाणी मोरीत ओतायचं नाही. सासरे ते एकेक पेला उचलून उजेडाकडे धरायचे, एक डोळा बारीक करून बघायचे, नाकाशी न्यायचे आणि ‘साफ आहे’ असा निकाल देऊन मागच्या पायरीजवळच्या दगडी डोणीत ओतायचे. कारकून डोणीतलंच पाणी प्यायचा. नळाखाली भांडं धरून दिलं तर तोंड फिरवायचा. “नमुना पास झाल्याशिवाय घेत नाही तो,” सासरे अभिमानाने सांगायचे. तीसुद्धा हसायची. नवीन होती तेव्हा मनापासून, मग सवयीने. पुढे पुढे ती कुणाचं लक्ष नसताना एखादा पेला मुद्दाम मोरीत उपडा करायला लागली. पाणी भोकातून गुळगुळत जायचं आणि तिला उगाच मोकळं वाटायचं. दिवसभरात तेवढीच एक गोष्ट तिच्या मनासारखी व्हायची.

जेवणं झाली, म्हणजे ताटं मांडली गेली आणि उचलली गेली. नवरा कामावर गेला. जाताना म्हणाला, “डॉक्टरीणबाईंचा फोन आला तर मला कळव.” फोन टेबलावर होता. बाळाला झोपवायला ती आत गेली तर बाळ झोपेना. दात येत होते त्याला, चार दिवस अंग कढत होतं, रात्री मांडीवरून खाली ठेवता येत नव्हतं. आज ताप उतरला होता आणि अंगात साठलेली सगळी मस्ती त्याला एकदम खर्चायची होती. ते रांगत दारापर्यंत जायचं, ती उचलून आणायची, ते परत जायचं. तिच्या डोक्यातही तसंच चाललं होतं. फोन करावा. उचलून फक्त ‘आहे’ म्हणावं. आहे म्हटलं की मग काय होईल? संध्याकाळी सगळे मागच्या आवारात उभे राहतील. सासूबाई म्हणतील, बाई गं, आणि हे तू बाळाच्या घरात वाढवलंस? नवरा काहीच म्हणणार नाही, नुसता तिच्याकडे बघेल, सकाळचं ‘नाही’ आठवेल त्याला. मग कुणीतरी करवत आणेल आणि फांद्यांचा ढीग पडेल. तो ढीग तिने एकदा पाहिला होता. परत बघायचा नव्हता. पण नाही म्हटलं तर? तसं पाहिलं तर पान खाल्लं कुठे त्याने? पानं तर सासरे टिपून टिपून उचलतात, एक ठेवत नाहीत. मग कण्हेर नसेलच. शिळंच काहीतरी असेल. म्हणजे आपण खोटं बोललो खरं, पण खोट्याने काही बिघडलेलं नाही. ह्या विचारावर ती जरा टेकली. टेकली आणि तिला कळलं की हा विचार आपण मघापासून भिंगासारखा पुन्हा पुन्हा डोळ्यासमोर सरकवतोय आणि दर वेळी आपल्यालाच खूश करायला म्हणतोय, आता स्पष्ट, आता स्पष्ट.

बाळाच्या हातांचे थापक थापक आवाज मागच्या दारातून आले तेव्हा ती उठली. ते उंबरा ओलांडून पायरीवर गेलं होतं आणि डोणीत दोन्ही हात मारून पाणी उडवत होतं. हा त्याचा रोजचा खेळ. कारकून शेजारी बसून तो सहन करायचा. आज शेजारची जागा रिकामी होती, म्हणून बाळ मधूनच थांबून तिकडे बघायचं आणि परत पाणी उडवायचं. सासरे स्वयंपाकघरातून पेले घेऊन येत होते. जेवणाच्या टेबलावरचे उरलेले पेले. एक उजेडाकडे धरला, डोळा बारीक केला, डोणीत रिता केला. “येईल संध्याकाळी,” ते बाळाला म्हणाले, “आला की तहान लागलेली असेल साहेबांना.” दुसरा पेला. त्यात एक फांदी होती.

आईच्या घरी फुलदाणी नव्हती. पाणी प्यायच्या काचेच्या पेल्यातच आई कण्हेरीची फांदी ठेवायची, टेबलाच्या मधोमध. ती इथे तसंच करायची. फुलं मलूल झाली की फांदी काढून पेल्यातलं पाणी गुपचूप मोरीत ओतायची आणि पेला राखेने घासावा तसा घासायची. ते का, हे तिने स्वतःला कधी विचारलं नव्हतं. हात धू, एवढंच. ह्या चार दिवसांत मात्र बाळाच्या तापापायी तिला टेबलाकडे बघायलाही फुरसत झाली नव्हती. पेला भरून फांद्या तशाच पाण्यात राहिल्या होत्या. आणि काल सकाळी तो पेला रिकामा, स्वच्छ धुतलेला, पालथा दिसला तेव्हा तिला बरं वाटलं होतं. कुणीतरी आपलं काम केलं म्हणून. आणि नवीन फांदी आणून तिने त्यात परत ठेवली होती.

सासऱ्यांनी फांदी काढून बाजूला ठेवली, पेला उजेडाकडे धरला. पाणी काचेसारखं होतं. त्यांनी वास घेतला.

“साफ आहे,” ते म्हणाले.

ती कशी धावली ते तिला आठवत नाही. बाळाला तिने काखेत धरून डोणीपासून ओढलं, दुसऱ्या हाताने त्यांच्या हातातल्या पेल्यावर झडप घातली. पेला पायरीवर आपटून फुटला आणि बाळ रडायला लागलं. त्याचे हात तिने नळाखाली धरले, चोळले, बोटं उघडून एकेक धुतली, तोंड पुसलं, ओठ उघडून पाहिले. तोंडाला काही लागलं नव्हतं. हात अजून तोंडाशी गेलेच नव्हते. ती परत धुवत राहिली. सासरे “अगं, अगं” म्हणत होते. मग तशीच, रडतं बाळ कडेवर, ओला पदर लोंबत, ती आत गेली आणि तिने फोन उचलला. डॉक्टरीणबाई तिथून ‘हॅलो’ म्हणाल्या आणि ती थोडी थांबली.

“आहे,” ती म्हणाली. “घरात कण्हेर आहे. पाण्यातून गेलीय त्याच्या पोटात. फांद्या ठेवलेलं पाणी. काल सकाळी.”

“सकाळी मी दोनदा विचारलं होतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“हो.”

“बरं. ठेवते. कामाला लागते.” फोन बंद झाल्यावरही ती तो कानाला लावून उभी होती. मग तिने बाळाच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सगळं विचारून घेतलं, काय काय बघत राहायचं ते सांगितलं, आणि बाळ खिदळत फोनची वायर ओढायला लागलं तेव्हा ती जमिनीवर बसली.

सासरे दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. सासूबाईही उठून आल्या होत्या. पण एखाद्या ठिकाणी बोलायचं नसतं हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कळलं असावं, कारण त्यांनी नुसतं बाळाला उचलून घेतलं आणि त्या आत गेल्या. सासरे हळूहळू खाली बसले, तिच्याच समोर, उंबऱ्यावर.

“पाण्यातून,” ते म्हणाले.

तिने मान हलवली.

“पानं मी रोज उचलत होतो गं. एक सोडलं नाही. तू काटक्या आणल्यास तेव्हाच ओळखलं होतं मी. म्हणून तर भिंतीशी लाव म्हटलं, त्याच्या वाटेत नको.” त्यांनी आपले हात पाहिले, पालथे करून पाहिले. “आणि पाणी मीच पाजलं.”

कोपऱ्यात लाव. गाठ मारलेली पिशवी. उजाडायच्या आधीची केरसुणी. एवढे दिवस घशात अडकलेलं ते सगळं एकदम खाली उतरलं आणि उतरताना तिला जाळत गेलं. “तुम्ही बोलला का नाहीत बाबा?” ती म्हणाली. “मी लावलंच नसतं.”

“तुझ्या आईचं होतं ना ते.”

कुणी रागावलं असतं तर तिला रडता आलं असतं. भांडता आलं असतं. बाळाला घेऊन दोन दिवस कुठेतरी जाता आलं असतं, जरी जायला जागा उरली नव्हती तरी. ते तिथे समोर बसून राहिले, फुटक्या पेल्याचे तुकडे एका तळव्यात गोळा करत, आणि ती त्यांच्या समोर. दोघांच्या मधून बाहेर जायची वाट होती, दार सताड उघडं होतं, पण उठून जाईल असं दोघांतलं कुणीच नव्हतं.

कारकून जगला. बरेच दिवस तो पत्र्याच्या पिंजऱ्यात राहिला आणि घरी आला तेव्हा बरगड्या दिसत होत्या, पण फाटकाशी बसल्यावर त्याने पहिल्याच दिवशी वरून खाली आलेल्या शिंप्याचे कागद अपुरे ठरवले. सासूबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी शिंप्याला आत बोलावून चहा दिला, आणि “तुमच्यावर उगाच आळ आला हो,” असं सांगून त्या बिचाऱ्याला बुचकळ्यात टाकलं. नवऱ्याने तिला ‘सकाळी का सांगितलं नाहीस’ हे एकदाच विचारलं. ती म्हणाली, “माहीत नाही.” त्याने ते ऐकून घेतलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. नंतर तो झाडाला ‘तुझी ती गुलाबी’ म्हणेनासा झाला. कण्हेर म्हणायला लागला. नाव त्याच्या तोंडात नवीन चपलेसारखं वाजायचं.

त्याच आठवड्यात तीच म्हणाली होती, “बाबा, काढून टाकू ते झाड.”

“नाही,” सासरे म्हणाले. इतक्या चटकन, की तिला आपलाच आवाज ऐकू आला. मग ते समजावणीच्या सुरात म्हणाले, “कापून टाकणार कुठे? जाळायची सोय नाही, धूरही वाईट असतो म्हणतात. रस्त्यावर टाकलं तर दुसऱ्या कुणाच्या मुक्या जनावराच्या तोंडी लागेल. लावलंय ना, आता ते आपलं आहे. आपणच सांभाळायचं.” आणि त्यांनी जाळी आणून झाडाभोवती उभी केली, खाली बारीक, वर मोकळी. फुलं तेवढी जाळीच्या वरून डोकं काढतात. सकाळी ते उठायच्या आत आता ती उठते. पण तिने केरसुणी हातात घ्यावी तोवर ते आलेले असतात. मग दोघं मिळून पानं वेचतात, न बोलता. ती पिशवी धरते, ते गाठ मारतात. किती छान जमतं हो तुम्हा दोघांचं, असं सासूबाई खिडकीतून म्हणतात, आणि त्यात टोमणा नसतो.

दगडी डोण सासऱ्यांनी पालथी घातली आहे. कारकून आता नळाखालच्या भांड्यातून पितो, तोंड न फिरवता. उरलेल्या पाण्याबद्दल कुणी काही ठरवलेलं नाही. सासरे पेले उजेडाकडे धरत नाहीत, टेबलावर कितीही उरले तरी बघत नाहीत. तो विषयच त्यांनी मिटवून टाकला आहे. आज दुपारी बाळ दोन घोट पिऊन मान फिरवून मोकळं झालं. अर्धा पेला तिच्या हातात राहिला. ती मोरीपाशी गेली. सासरे मागे खुर्चीत पेपर वाचत होते, त्यांनी मान वर केली नव्हती. पेला वाकडा करायचा होता, बस्स. त्यांनी काही म्हटलं नसतं. आता ते कशालाच काही म्हणत नाहीत. ती मागच्या दारापर्यंत गेली. पालथी डोण, जाळी, जाळीवरून वाकलेली गुलाबी फुलं. ती परत फिरली. पाणी काचेसारखं होतं. तिने पेला उजेडाकडे धरला, एक डोळा बारीक केला, आणि उभ्या उभ्या सगळं पिऊन टाकलं.